बारा परस खाली

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडहून कूबर पीडी ८४६ किलोमीटर. आकडा ऐकल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे पुण्याहून नागपूर गाठायचं आणि वर शंभर-सव्वाशे." हिशेब बरोबर होता. एवढंच की पुणे-नागपूर रस्त्यावर दर पाच मिनिटांनी चहाची टपरी लागते. इथे शेवटचे अडीचशे किलोमीटर टपरी सोडा, पेट्रोल पंपही नाही.

जायचं ठरलं ते आईमुळे. तिच्या पत्रिकेत शुक्र जरा रुसलेला आहे, त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांपासून ती बोटात ओपल घालते. हिरा परवडत नाही त्याने ओपल घालावा, असं तिला गावाकडच्या सराफाने सांगितलं होतं. आम्ही राहतो त्याच राज्यात, कूबर पीडीला, ओपलच्या खाणी आहेत, हे कळल्यापासून तिने धोशा लावला होता. बाबांना खड्यांत काडीचा रस नाही. ते माण तालुक्यातले, दुष्काळात वाढलेले. खडा म्हणजे नांगराला आडवा येणारा, एवढीच त्यांची व्याख्या.

आम्ही जुलैची शाळेची सुट्टी धरली. इथे तेव्हा हिवाळा असतो. डिसेंबर-जानेवारीत कूबर पीडीचा पारा चाळीसच्या वर जातो आणि सत्तरी पार केलेल्या दोन माणसांना घेऊन त्या उन्हात जाणं म्हणजे वेडेपणा. दोनच नियम केले. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, कारण कांगारू संध्याकाळीच रस्त्यावर येतात. आणि पंप दिसला की टाकी भरायची, काटा कुठेही असो. मागे वीस लिटर पाणी, जास्तीचा टायर, आईने केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची बरणी. ती बरणी मध्येच सांडली आणि गाडीला अजून वास येतो. तो विषय नको.

पहिला मुक्काम पोर्ट ऑगस्टाला केला. तिथवरचा रस्ता गव्हाच्या शेतांचा आणि समुद्राच्या कडेकडेचा, सांगण्यासारखं फारसं नाही. खरा प्रवास दुसऱ्या दिवशी सुरू झाला. पोर्ट ऑगस्टापासून स्टुअर्ट हायवे लागतो आणि तो थेट उत्तर टोकाला डार्विनपर्यंत जातो. जॉन मॅकडुअल स्टुअर्टने १८६२ मध्ये हा खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे पार केला, त्याचं नाव या रस्त्याला आहे. तासाभरात झाडं बुटकी झाली, मग झुडपं उरली, मग तीही विरळ. माती आधी तांबूस आणि पुढे चक्क गेरूसारखी. सई आठ वर्षांची आहे. तिने आधी कांगारू मोजायला घेतले, पण दिसले ते सगळे मेलेले, रस्त्याकडेला. मग तिने मोजणं सोडून दिलं.

समोरून रोड ट्रेन यायच्या. ट्रकला तीन-तीन ट्रेलर जोडलेले, लांबी पन्नास मीटरच्या वर. ती शेजारून गेली की आपली गाडी आधी ढकलली जाते आणि मग ओढली जाते. अशाच एकीने उडवलेला खडा पुढच्या काचेवर बसला आणि वाटाण्याएवढा टवका गेला. नवरा पुढचे शंभर किलोमीटर गप्प होता. बाबा मात्र पुढच्या सीटवर मजेत होते. या रस्त्यावर समोरून येणारा चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ओळख देतो. बाबांनी ते हेरलं आणि प्रत्येकाला हात जोडून रामराम घालायला लागले. एका ट्रकवाल्याने भोंगा वाजवून परतफेड केली, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पिंबाच्या पुढे लेक हार्ट नावाचं मिठाचं तळं रस्त्यावरून दिसतं. पाणी नाही, नुसतं पांढरं शुभ्र पसरलेलं. तिथे दशम्या खाल्ल्या. वूमेरा बाजूला राहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर क्षेपणास्त्रांच्या चाचण्या करायला वसवलेलं गाव आहे ते, आणि आमचा हायवे त्याच प्रतिबंधित पट्ट्यातून जात होता. चिन्मय तेरा वर्षांचा. त्याने तेवढ्यापुरती हेडफोन काढले. ग्लेनडँबोला टाकी भरली. त्यापुढे अडीचशे किलोमीटर काहीच नाही म्हणतात ते शब्दशः खरं आहे. आई मधेच म्हणाली, "देवाने इथलं काम अर्धं सोडलंय."

कूबर पीडी जवळ आलं हे पाटीवरून नाही, ढिगांवरून कळलं. सपाट लाल जमिनीवर अचानक पांढरट, गुलाबीसर मातीचे सुळके. एक, दहा, शंभर, मग मोजता येईनात इतके. वारुळांचं शहर असावं तसे. प्रत्येक ढिगाशेजारी एक भोक आणि भोकाशेजारी पाटी: पळू नका, उलटं चालू नका. फोटो काढायला मागे-मागे सरकणारा माणूस थेट खाली जातो, म्हणून ही सूचना. अशी अडीच लाखांच्या आसपास तोंडं या परिसरात आहेत म्हणतात. बाबांनी काच खाली केली. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "केवढ्या विहिरी फसल्यात गं इथं."

आमच्या गावच्या रानात असा एक ढीग आहे. मी सहा-सात वर्षांची असताना बाबांनी आणि तात्याकाकांनी विहीर काढली होती. सात परस गेली. परस म्हणजे उभ्या माणसाएवढी उंची, आमच्याकडे विहिरीची खोली त्यातच मोजतात. मुरूम संपला, काळा पाषाण लागला, सुरुंग लावले, यारीचं भाडं चढत गेलं आणि पाणी काही लागलं नाही. त्या ढिगावर आता बाभळी आहेत. घरात त्या विहिरीबद्दल कुणी बोलत नाही, कारण बोलायला लागलं की पतपेढीच्या कर्जापर्यंत गोष्ट जाते.

हॉटेल जमिनीखाली होतं. खाली म्हणजे टेकडीच्या पोटात आडवं कोरलेलं. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक इथे आले आणि खंदकात राहायची सवय त्यांनीच या गावाला लावली, असं सांगतात. आज निम्म्याहून जास्त गाव अशा डगआउटमध्ये राहतं. बाहेर उन्हाळा असो की हिवाळा, आत तेवीस-चोवीस अंशच. आम्ही गेलो त्या रात्री बाहेर बोचरी थंडी होती आणि आत एका चादरीत भागलं. भिंतींवर यंत्राच्या दातांचे गोलगोल ओरखडे तसेच ठेवलेले, वरून पारदर्शक लेप, म्हणजे माती झडत नाही. वर छताला हवेसाठी एक नळी. आईने आधी खिडकी शोधली, मग देव कुठे ठेवायचे ते. दिवा मालवल्यावर जो अंधार झाला तसा मी कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे की मिटलेले, कळेना. आवाज तर नाहीच. सई माझ्या कुशीत शिरली आणि पलीकडच्या खोलीतून थोड्या थोड्या वेळाने टक टक ऐकू येत राहिलं. बाबा बोटाच्या पेराने भिंत वाजवून बघत होते. सकाळी म्हणाले, "पोकळ नाही कुठं. दगड मऊ आहे, पण एकसंध. आमच्याकडं असा लागला असता तर दोन महिन्यांत विहीर झाली असती."

सकाळी एक जुनी खाण बघायला गेलो. १९१६ च्या सुमाराला हाताने खणलेली, आता संग्रहालय. दाखवणारे आजोबा स्वतः चाळीस वर्षं खाणीत काम केलेले, मूळचे क्रोएशियाचे. या गावात पंचेचाळीसहून अधिक देशांची माणसं आहेत, आणि वस्ती जेमतेम दीड-दोन हजार. गोष्टीची सुरुवात त्यांनी १ फेब्रुवारी १९१५ पासून केली. विली हचिसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा वडिलांच्या टोळीबरोबर सोनं शोधायला आला होता. सोनं मिळेना, जवळचं पाणी संपत आलं, आणि पाण्याच्या शोधात असताना विलीला जमिनीवर ओपलचे तुकडे सापडले. मी मराठीत सांगत होते. बाबा मधेच थांबवून म्हणाले, "पाणी शोधत होता?" मी हो म्हटलं. "मग पुढं सांग."

गावाचं नाव आदिवासींच्या 'कूपा पिटी'वरून आलंय. त्याचा अर्थ साधारण 'गोऱ्यांचं बीळ' असा सांगतात. बाहेरून आलेल्यांचं इतकं नेमकं वर्णन मी दुसऱ्या कुठल्या गावाच्या नावात पाहिलेलं नाही.

मग कामाची पद्धत. पूर्वी टिकाव, फावडं आणि वर मेणबत्ती. माती वर काढायला हाताने फिरवायचा रहाट. खोबणीत पाय रोवत माणूस आत उतरायचा. आता आधी बारीक गिरमिटाने भोक पाडून माती तपासतात, नंतर मोठ्या ड्रिलने मीटरभर रुंदीचा शाफ्ट घेतात, आणि खाली उतरून यंत्राने आडवे बोगदे कोरतात. निघालेली माती उपसायला ब्लोअर. हा प्रकार मला फार आवडला. ट्रकवर एक भलंमोठं पिंप, त्यातून जाड नळी शाफ्टमध्ये सोडलेली. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरसारखं ते खालचा राडारोडा शोषून घेतं आणि पिंप भरलं की खालचं झाकण उघडून ढीग पडतो. ते सुळके असे तयार झालेले.

"खोली किती?" बाबांनी विचारलं. आजोबा म्हणाले, जागेवर अवलंबून, पण माझा शेवटचा शाफ्ट बावीस मीटर होता. बाबांनी डोळे मिटून आकडा फिरवला. "बारा परस. आणि लागलं काय?" मी विचारलं. आजोबांनी दोन्ही हात पसरले. त्या शाफ्टात काहीच नाही. त्याच्या आधीच्यात थोडं. त्याच्याही आधी एकदा बरं मिळालं, त्यातून घर झालं.

इथून पुढे मी नुसती दुभाषी राहिले. दोघं एकमेकांकडे बघून बोलत होते. कळलं ते असं: इथे मोठी कंपनी नाही, सगळा एकट्या-दुकट्याचा नाहीतर घरच्या माणसांचा धंदा. परवाना काढायचा, साधारण पन्नास बाय पन्नास मीटरच्या तुकड्याच्या चार कोपऱ्यांना खुंट ठोकायचे, नाव नोंदवायचं आणि खणायला लागायचं. ("सातबारा लागत नाही?" "नाही, बाबा.") ओपल कुठे आहे हे सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही. शेजाऱ्याला लाखोंचा माल लागतो आणि तुमच्या हाती राख. मग बाबांनी त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं ते विचारलं, "इथं पाणाडे असतात का?" मला शब्द सुचेना. हातात वाकडी तार धरल्याचं सोंग केलं, तर आजोबा खो-खो हसले. असतात! दोन तारा हातात धरून रानात फिरतात, तारा जुळल्या की तिथे खणा म्हणतात. "आणि खरं होतं?" "कधी कधी." बाबांनी मान हलवली. आमच्याकडे तळहातावर नारळ उभा करतात. टक्केवारी तीच असावी.

खडकाचं शास्त्र चिन्मयला जास्त आवडलं, म्हणून तेवढं सांगते. अकरा-बारा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. पुढे खडक झिजत गेला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर झिरपून भेगांत साचली आणि घट्ट झाली. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे फळवाल्याने संत्री रचावीत तसे एकसारखे रचले गेले, तर त्यांच्यामधून जाणारा प्रकाश फुटून रंग दिसतात. गोळे वेडेवाकडे बसले तर रंग नाही, नुसता पांढरट दगड. त्याला इथे पॉच म्हणतात. निघतो तो बहुतेक पॉचच. आणि ओपलच्या आत पाणी असतं, शंभरात तीन ते दहा भाग. हे ऐकून बाबांनी काचेच्या पेटीतल्या तुकड्याकडे पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

दुपारी नूडलिंग. शेवयांशी संबंध नाही. टाकून दिलेल्या ढिगांत राहिलेलं ओपल शोधण्याला इथे हा शब्द आहे. दुसऱ्याच्या खुंटांच्या आत पाऊल टाकायचं नाही, पण गावालगत सगळ्यांसाठी खुली ठेवलेली एक जागा आहे, तिथे कुणीही बसावं. काहीजण याचाही धंदा करतात: माती पट्ट्यावरून अंधाऱ्या खोक्यात नेतात, आत अतिनील दिवा लावून बसतात, ओपल पांढरं चमकलं की उचलतात. आमच्याकडे पिठाची चाळणी, एक खुरपं आणि झाडांवर पाणी मारायची बाटली. पाण्याचा फवारा मारला की धूळ जाते आणि रंग असला तर दिसतो.

पहिला तासभर आम्ही नुसता उकिरडा फुंकला. सई प्रत्येक गारगोटी घेऊन धावत यायची. चिन्मय ढिगाच्या पायथ्याशी बसून खोल खोल उकरत होता, नवरा त्याला मदत करत होता. बाबा कमरेवर हात ठेवून लांबून बघत राहिले आणि मग चिडलेच. "अरे, तळ कशाला उकरताय? खाली पडलाय तो वरचा मुरूम. विहिरीचं शेवटचं घमेलं ढिगाच्या माथ्यावर असतं." खरंच की. शाफ्टमधून आधी वरची माती निघते, ती तळाशी जाते. सगळ्यात खोलवरचं, जिथे ओपल असू शकतं ते, शेवटी निघतं आणि वर पडतं. एवढी साधी गोष्ट दोन इंजिनियरांना सुचली नव्हती.

बाबा चप्पल सावरत ढिगाच्या अंगावर अर्ध्यापर्यंत चढले. सूर्य पाठीशी घेतला, बसले आणि मातीवर हात फिरवायला लागले, धान्यातले खडे वेचतात तसे. वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांनी सईला हाक मारून पाण्याची बाटली मागवली. तुकडा करंगळीच्या नखाएवढा. दुधी, आणि एका कडेला हिरव्या-निळ्याची एक रेघ. हलवला की विझायची, परत पेटायची. कुणी ओरडलं नाही. ओरडला तो चिन्मय, तोही पाच मिनिटांनी, त्याला स्वतःला नुसता पांढरा पॉच मिळाला तेव्हा.

तुकडा घेऊन दुकानात गेलो. दुकानदारीणबाईंनी भिंग लावलं. रंग असलेला पॉच, दहा-वीस डॉलरचा, विकू नका, असं म्हणाल्या. मग आईने स्वतःची अंगठी पुढे केली, मोठ्या अभिमानाने. बाईंनी ती बाजूने धरली आणि त्यांचा चेहरा अवघडला. बाजूने बघितल्यावर तीन थर स्पष्ट दिसत होते: खाली काळी पट्टी, मधे कागदाएवढा ओपलचा पापुद्रा, वर काचेचा घुमट. त्याला ट्रिप्लेट म्हणतात. खोटं म्हणता येत नाही, पण अख्खा ओपलही नाही. कडेला दुधाळ डाग पडला होता तो भांडी घासताना थरांत पाणी शिरल्यामुळे. सराफाने पैसे अख्ख्याचे घेतले होते. मी घाबरत घाबरत हे भाषांतर केलं. आई क्षणभर अंगठीकडे बघत राहिली. "म्हणजे इतकी वर्षं माझा शुक्र पापुद्र्यावर चालला होता." मग बाबांकडे वळून, "तरी संसार बरा झाला म्हणायचा." दुकानदारीणबाईंना आम्ही का हसतोय ते समजावून सांगणं मला जमलं नाही. आईने छोटा अख्खा खडा घेतला, पांढऱ्यावर रंगांच्या ठिपक्यांचा, इथे तसेच जास्त निघतात. घासाघीस केली आणि दहा टक्के सूट मिळवली.

बाकी गाव तासा-दोन तासांचं. सर्बियन लोकांचं जमिनीखालचं चर्च मात्र चुकवू नये. भिंतीतच संत कोरलेले आहेत आणि आईने वेरूळच्या सवयीने दारात चप्पल काढली. गोल्फचं मैदान आहे, त्यावर गवताची काडी नाही, खेळणारे चेंडू ठेवायला गवताचा तुकडा बरोबर घेऊन फिरतात. एका सिनेमासाठी बनवलेलं अवकाशयान रस्त्याकडेला गंजत पडलंय, चिन्मयने त्याचे चाळीस फोटो काढले. संध्याकाळी तीसेक किलोमीटरवरच्या ब्रेकअवेजला गेलो, तुटून सुट्या झालेल्या पिवळ्या-तांबड्या टेकड्या. पलीकडे डिंगोंचं कुंपण, पाच हजार सहाशे किलोमीटर लांब, जंगली कुत्र्यांनी दक्षिणेकडच्या मेंढ्यांना हात लावू नये म्हणून घातलेलं. बाबा तारेला हात लावून म्हणाले, "आमच्या धनगरांना सांगितलं तर खरं वाटायचं नाही." आणि मग सूर्य बुडायच्या आत गावात परत, नियम तो नियम.

गावात शिरताना नाणं टाकून पाणी भरायचा नळ दिसला. पाणी चोवीसेक किलोमीटरवरच्या बोअरचं, खारं, गोडं करून देतात. बाबांनी गाडी थांबवायला लावली, एक नाणं टाकलं, बाटली भरली, चव घेतली आणि काही न बोलता परत बसले.

रात्री साडेआठला त्यांनी तात्याकाकांना फोन लावला. गावाकडे साडेचार वाजलेले. बिळाच्या तोंडाशी शाल पांघरून उभे होते, कारण आत रेंज येत नव्हती. बराच वेळ ढिगांचं वर्णन चाललं होतं, ब्लोअरचं, बारा परसांचं.

"एवढं खणून पानी लागलं का दादा?" तात्याकाकांचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता.

"लागतंय. दगडात."

"किती?"

"शंभरात तीनपासून धापातूर."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तात्याकाका म्हणाले, "आपल्यापरीस बरं हाय की मग."